कॉम्प्युटर हळू चालतो, मध्येच बंद पडतो: रॅम खराब आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कॉम्प्युटर घरीच उघडून बघायचं काम मी बरीच वर्षं करतोय. दुकान नाही, पडवीत एक टेबल आहे. पाऊस लागला की फोन वाढतात. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तर हमखास, कारण मुंबई-पुण्याची माणसं घरी येणार असतात आणि कोपऱ्यातला आजारी संगणक तेव्हाच सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच असतात. त्यातले रॅमबद्दलचे, म्हणजे चालू कामाचा माल तात्पुरता धरून ठेवणाऱ्या मेमरीबद्दलचे, इथे एकत्र केलेत.

आमचा कॉम्प्युटर फार हळू झालाय. रॅम खराब झाली असेल ना?

बहुतेक वेळा नाही. नव्वद टक्के लोक इथूनच सुरुवात करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खराब रॅम हळू होत नाही, ती खोटं बोलते. रॅमच्या प्रत्येक पेशीत इवलासा विद्युतभार साठवलेला असतो. भार असला तर १, नसला तर ०. हा भार सतत गळतो, म्हणून तो दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरला जातो (डीडीआर५मध्ये ३२). एखादी पेशी जास्त गळकी निघाली की भरायची पाळी येण्याआधीच तिथला १ पुसला जातो आणि प्रोसेसरच्या हातात ० पडतो. प्रोसेसरला याचा पत्ताच नसतो. तो त्या चुकीच्या आकड्यावर तेवढ्याच वेगाने काम करत राहतो. म्हणजे गणित चुकतं, वेग कमी होत नाही. मोठ्या सर्व्हरमध्ये अशी चूक पकडून सुधारणारी वेगळी रॅम असते. घरच्या कॉम्प्युटरमध्ये सहसा ती नसते.

तेव्हा आधी स्वतःला विचारा: तक्रार 'हळू' आहे, की 'भरवशाचा नाही' अशी आहे? दोन्ही एकत्र असतील तर त्यांची कारणंही दोन असू शकतात.

मग हळू चालण्याचा आणि रॅमचा काहीच संबंध नाही?

आहे, पण दोनच वाटांनी.

पहिली म्हणजे रॅम मुळातच कमी असणं. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ सुरू होतं एवढंच. त्यावर ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की उरलेला माल हार्ड डिस्कवर टाकावा लागतो, आणि डिस्क रॅमच्या तुलनेत बैलगाडी. इथे काही बिघडलेलं नाही, घर लहान आणि पाहुणे फार.

दुसरी वाट जास्त फसवी. रॅम पट्ट्यांच्या रूपात बोर्डावरच्या खाचांत (स्लॉटमध्ये) बसवलेली असते. दोन पट्ट्यांपैकी एक पट्टी गुपचूप दिसेनाशी होते. गेल्या वर्षी म्हापशाच्या एका काकांनी कॉम्प्युटर आणला. ८ जीबीचा, पण पावसाळ्यापासून रडतखडत चालणारा. मुलाने पुण्याहून फोनवर सांगून विंडोज दोनदा नव्याने टाकून घेतलं होतं. प्रत्यक्षात मशीनला ४ जीबीच दिसत होती. दुसरी पट्टी जागेवरच होती, पण तिच्या पिनांचा स्लॉटशी संपर्क तुटला होता.

हे बघायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर टिचकी मारा. एकूण किती जीबी, किती स्लॉट भरलेले आणि 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' किती, हे तिथे लिहिलेलं असतं. विकत घेतलेल्या आकड्यापेक्षा निम्माच आकडा दिसला तर धागा सापडला. ८ जीबीतली साडेसात-आठच्या आसपास वापरता येत असेल तर घाबरू नका, काही भाग आतल्या ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेला असतो. मात्र ८ जीबी बसवून साडेतीनच्या आसपासच वापरता येत असेल, तर विंडोज ३२ बिटचं आहे का ते आधी पाहा. त्यात रॅमचा काही दोष नाही.

हार्ड डिस्कचा दोष आहे की रॅमचा, हे घरी कसं ओळखायचं?

त्याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आलेख पाहा. काहीही उघडलेलं नसताना तो बराच वेळ १०० टक्क्यांना चिकटून असेल, तर संशय डिस्कवर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत रंगाने दाखवतं. निळा असेल तर ठीक. पिवळा दिसला तर रॅमचा विचार बाजूला ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवा. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर 'नवीन कॉम्प्युटर घेतला काय?' असं विचारणारे मी कितीतरी पाहिलेत.

खराब रॅमची खरी लक्षणं कोणती?

बेभरवसा हेच मुख्य लक्षण. आज ब्राउझर कोसळतो, उद्या वर्ड, परवा काहीच चालू नसताना निळा पडदा (विंडोज कोसळल्यावर येणारा, नव्या विंडोज ११मध्ये तो काळा असतो). खराब सॉफ्टवेअर त्याच ठिकाणी, तेच बटण दाबल्यावर पडतं. खराब रॅमला असा नियम नसतो, कारण कुठला माल कधी त्या गळक्या पेशीत जाऊन पडेल ते दर वेळी वेगळं असतं.

आणखी काही खुणा सांगतो, माझ्या अनुभवात याच जास्त उपयोगी पडल्यात. मोठी झिप फाइल उघडताना 'सीआरसी' चूक (फाइल बिघडल्याची खूण) येते, आणि तीच फाइल दुसऱ्या मशीनवर नीट उघडते. विंडोज टाकताना दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकतं. लग्नाचे फोटो कॉपी केले तर त्यातल्या चार-दोन फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी किंवा जांभळा निघतो. एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असंच बिघडलं होतं. ते लोक माइकला दोष देत राहिले, आणि 'टक' असा आवाज मात्र प्रत्येक प्रतीत वेगळ्या जागी येत होता.

कॉम्प्युटर सुरूच न होणं, पंखा फिरतो पण पडदा काळा, किंवा सुरू होताना ठरावीक बीप वाजणं, हेसुद्धा रॅमचं असू शकतं. बीपची भाषा प्रत्येक बोर्डाची वेगळी असते, त्यामुळे आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत पाहा.

निळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी लिहून येतं. त्यावरून कळतं का?

थोडंफार. 'मेमरी मॅनेजमेंट', 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', 'पीएफएन लिस्ट करप्ट' असे शब्द असतील तर रॅम तपासायला हवी. पण खराब ड्रायव्हरही (आतले भाग चालवणारं सॉफ्टवेअर) हेच शब्द दाखवतो. एका नावावर जाऊ नका. दर वेळी नाव बदलत असेल तर रॅमवरचा संशय वाढवा. फोनने फोटो काढून ठेवत चला. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केलंत तर विंडोजने ठेवलेली दिवसवार नोंदही मिळते. कुठल्या दिवशी काय कोसळलं ते लाल फुल्यांनी दाखवलेलं असतं. माझ्या मते विंडोजमधली ही सगळ्यात दुर्लक्षित सोय.

तपासणी सुरू करण्याआधी काय करावं?

महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा. पण इथे एक खाच आहे. रॅम खोटं बोलत असेल तर कॉपी करतानाही फाइल बिघडू शकते, कारण प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते. म्हणून जुनी चांगली प्रत असेल तर तिच्यावर नवी प्रत चढवू नका. नवी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. जमल्यास डिस्कच काढून दुसऱ्या धडधाकट कॉम्प्युटरला जोडून कॉपी करा.

विंडोजमध्येच रॅम तपासता येते का?

येते. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करा, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होईल आणि निळ्या पानावर तपासणी चालेल. एफ१ दाबलं तर बेसिक, स्टँडर्ड आणि एक्स्टेंडेड असे पर्याय मिळतात. संपल्यावर निकाल खालच्या कोपऱ्यात येतो म्हणतात, पण पुष्कळदा तो येतच नाही. मग इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम निवडा आणि 'मेमरीडायग्नोस्टिक्स-रिझल्ट्स' शोधा.

त्यात काहीच चूक निघाली नाही. म्हणजे रॅम ठणठणीत?

नाही. चूक सापडली तर काहीतरी बिघडलंय हे पक्कं. चूक सापडली नाही तर तेवढ्या वेळात सापडली नाही, इतकंच. विंडोजची तपासणी मी फक्त पहिली चाळणी मानतो.

दुसरी चाळणी मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ यांची. नावं सारखी असली तरी ही आता दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही फुकट मिळतात. पहिल्याच्या फुकट आवृत्तीत चार फेऱ्यांची मर्यादा आहे, दुसरं मुक्त स्रोत आहे. यूएसबी ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करायचा (ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करून घ्या). विंडोज मध्ये नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासली जाते. मेमटेस्ट८६+ सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी बोर्डाची सेटिंग) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरवरून सुरू होऊ न देणारी सोय, तात्पुरतं बंद करून पाहा. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर नवीच भानगड.

वेळ किती लागेल? १६ जीबीला चार फेऱ्या म्हणजे काही तास. रात्री जेवणं झाली की लावा, सकाळी पदेर पाव घेऊन आला की निकाल पाहा.

तपासणी चालू असताना लाईट गेली तर?

काही बिघडत नाही. ही तपासणी डिस्कला हातच लावत नाही. पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते, एवढाच मनस्ताप.

रात्रभरात चारच चुका आल्या. एवढ्या चालतील?

एकही चालत नाही. २००९मध्ये गूगलच्या सर्व्हरांमधल्या रॅमचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांनी निदान एकदा तरी चूक केली होती, आणि एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता न चुकलेलीपेक्षा कितीतरी पट जास्त निघाली. म्हणजे 'एखादवेळी झालं असेल' हे सहसा खरं नसतं.

तरी पट्टी फेकण्याआधी एक गोष्ट करा. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करा आणि पुन्हा तपासा. खोक्यावर छापलेला मोठा वेग बऱ्याचदा या सोयीतून मिळतो, तो मूळ प्रमाणित वेग नसतो. साध्या वेगावर चुका गायब झाल्या तर पट्टी मेलेली नाही, तिला धावायला लावलं होतं. साध्या वेगावरच वापरा, घरच्या कामात फरक कळतसुद्धा नाही.

मेमटेस्ट८६मध्ये फक्त हॅमर नावाच्या चाचणीत चूक आली आणि बाकी सगळं स्वच्छ असलं, तर तो प्रकार वेगळा. ती चाचणी पेशींच्या ठरावीक ओळींवर मुद्दाम हातोडे मारत बसते. रोजच्या वापरात ती चूक कधी दिसेलच असं नाही.

पट्टी खराब आहे की स्लॉट, हे कसं ठरवायचं?

खरं निदान इथेच होतं, आणि घाईही इथेच होते. चूक दिसली की लोक धावत जाऊन नवी पट्टी आणतात, आणि आठवड्याने तोच निळा पडदा.

कॉम्प्युटर बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. (अंगातल्या स्थिर विजेची भीती पुस्तकात फार असते. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ती सगळ्यात कमी. दमटपणाचा एवढा एक फायदा.) आता एकच पट्टी ठेवा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट आधी भरायचा असतो, तरी पुस्तिका पाहून घ्या. क्लिपचा 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. तपासणी लावा. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी पट्टी लावून पुन्हा तपासा.

एक पट्टी चुकली आणि दुसरी पास झाली, तर चुकलेली दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. तिथेही चुकली म्हणजे दोष पट्टीचाच. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये चुकतात आणि दुसऱ्यात पास होतात, तर दोष स्लॉटचा. दोन्ही एकेकट्या सगळीकडे पास, पण जोडीने चुकतात, असं झालं तर जोडी जमत नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, वेगळ्या कंपनीच्या पट्ट्यांमध्ये हे मी वरचेवर पाहतो. वेग कमी करून पाहा.

आणि सगळंच सगळीकडे चुकत असेल तर पट्ट्यांना मोकळं सोडा. आजच्या कॉम्प्युटरमध्ये रॅम हाताळणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसरखालची एखादी पिन वाकलेली असू शकते, पंख्याचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळलेले असू शकतात, किंवा वीज पुरवणारा एसएमपीएस थकलेला असतो. इथून पुढे माझ्यासारख्याकडे किंवा दुकानात न्या.

डीडीआर५चं मशीन असेल तर पट्टी बदलल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. बोर्ड नव्या पट्टीशी ओळख करून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

पट्टी काढून खोडरबर घासला की चालू होतो म्हणतात. खरं का?

पुष्कळदा खरं असतं, पण श्रेय खोडरबराला किती आणि काढून पुन्हा बसवण्याला किती, हा प्रश्न आहे. म्हणून आधी नुसतं काढून दोन-तीनदा घालून पाहा. नाही झालं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ सुती कापडावर घेऊन सोनेरी पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर वापरायचाच असेल तर पांढरा, मऊ, हलक्या हाताने, आणि भुगा स्लॉटमध्ये जाऊ न देता. त्या सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. सँडपेपर नको. एकाने पिनांना खोबरेल लावलं होतं, 'गंजू नये म्हणून'. ती पट्टी साफ करायला मला अर्धा तास लागला.

पावसाळ्यातच का बिघडतो?

सोनं गंजत नाही, पण मुलाम्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून ओल आणि मीठ खालच्या धातूपर्यंत पोचतं. मोरजी, कळंगुट, कोळवा अशा किनारी गावांत हवेतच मीठ असतं. आत सत्तरीकडे मीठ कमी, पण चिऱ्याच्या जुन्या घरांच्या भिंती सप्टेंबरपर्यंत ओल सोडत नाहीत. त्यात आत साचलेली धूळ ओल धरून ठेवते. मे महिन्यात धूळ साफ करून घेतली तर अर्धं काम होतं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, जमिनीवर नको, आणि पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू ठेवा. चालू मशीनची ऊब आतली ओल घालवते. मुंग्या आणि पाली हा वेगळा विषय. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खिडक्या झाकल्या की तोही मिटतो.

निळा पडदा न येता थेट बंद पडतो. हेसुद्धा रॅम?

कमी शक्यता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक तोच आजार समजतात. त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. निळ्या पडद्याची नोंद नसेल तर आधी वीज, यूपीएसची बॅटरी, एसएमपीएस आणि उष्णता पाहा. जुन्या घरात अर्थिंग आहे का तेही वायरमनकडून बघून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते 'असंच असतं' म्हणून सोडायचं नाही.

दुकानदार म्हणतो, आधी विंडोज नवीन टाकू या.

रॅम तपासल्याशिवाय टाकू नका. खराब रॅमवर टाकलेलं विंडोज पहिल्या दिवसापासूनच बिघडलेलं असतं, कारण त्याच्या फाइली त्याच गळक्या पेशींतून डिस्कवर गेलेल्या असतात. उलट, खराब पट्टी काढल्यावर मात्र फाइली दुरुस्त कराव्या लागतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'एसएफसी स्कॅननाऊ' (sfc /scannow) ही आज्ञा द्या, तेवढ्याने भागलं नाही तर मग नवीन. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, त्यामुळे नवीन टाकायचंच झालं तर कुठलं, तेही ठरवून जा.

नवी पट्टी घेताना काय बघू?

पिढी. डीडीआर३, ४, ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. जुन्या लॅपटॉपमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांतला फरक बघा, पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५वरही चालणारी. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी पट्टी खिशात घालून दुकानात जाणं. आणि विकत घेण्याआधी जुन्या पट्टीची वॉरंटी पाहा. नावाजलेल्या कंपन्या रॅमवर बरीच वर्षं, काही तर आजीवन वॉरंटी देतात. स्टिकर फाडू नका, बिल जपा, मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो सोबत न्या. फोटो दाखवला की काउंटरवरचं बोलणं लवकर संपतं.

लॅपटॉपची रॅम बोर्डावरच डकवलेली आहे. आता?

बदलता येत नाही, निदान घरी तरी. चुका सगळ्या रॅमच्या एकाच लहानशा भागात येत असतील तर तेवढ्या जागांचे पत्ते वगळून चालवायची सोय विंडोजमध्येही आहे आणि लिनक्समध्येही. मेमटेस्ट८६+ लिनक्ससाठी लागणारी यादीही काढून देतं. डिचोलीच्या एका मुलीचा लॅपटॉप मी असा चालवून दिला होता, बारावीचा प्रोजेक्ट द्यायला तीन आठवडे उरले होते म्हणून. प्रोजेक्ट रोज पेन ड्राइव्हवर, दर दिवशी नव्या नावाने ठेवायचा, असं बजावलं होतं. तिने एकवीस फाइली ठेवल्या. त्यातली एक उघडली नाही.